साथवाले परत येईपर्यंत

ताईच्या उजव्या डोळ्याखालून कानापर्यंत एक पांढरा व्रण गेलेला होता. नवीन माणूस घरात आला की त्याची नजर आधी तिथं जायची, आणि मग तो ओशाळून भिंतीवरचं घड्याळ बघायला लागायचा. ताई त्याला फार वेळ अवघडून ठेवत नसे. "नवऱ्यानं मारलेलं नाही हो," ती म्हणायची. "नवरा केलाच नाही मी. हे तारेनं मारलंय." आणि खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या हार्पकडे बोट करायची, शिंग मारणाऱ्या म्हशीकडे करावं तसं.

हा हार्प म्हणजे मोठ्या सभागृहात असतो तो सोनेरी हत्ती नव्हे. बसलेल्या माणसाच्या खांद्याला टेकणारा, घरच्या घरी वाजणारा, साध्या लोकांच्या गाण्यांचा हार्प. बापानं स्वतःच्या हातानं केलेला. बाप सुतार होता. तो म्हणायचा, "हार्प म्हणजे बांधून ठेवलेली मारामारी. तारा लाकडाला वर ओढतात, लाकूड तारांना खाली ओढतं. दोघांपैकी एक हरेपर्यंत गाणं चालू." बाप स्वतः मात्र मारामारी बांधून ठेवणाऱ्यांतला नव्हता. पोरांचा ताल चुकला की तारा पिळायची लोखंडी चावी सरळ बोटांच्या पेरांवर बसायची. तिन्ही पोरं रडत रडत वाजवायला शिकली, आणि शिकली ती चांगलीच शिकली, हेही खोटं नाही.

ताई हार्पवर. तिच्या पाठचा थोरला बासरीवर, आणि शेंडेफळ धाकटा व्हायोलिनवर. बापाची एक खोड होती. ज्या दिवशी जो आवडेल त्याला तो गाण्याची चाल द्यायचा आणि दुसऱ्याला साथ. साथ म्हणजे दोन सूर, पुढं-मागं, पुढं-मागं, कपडे घासल्यासारखे. ज्याच्या वाट्याला साथ यायची त्याला बाप दिवसभर "ए पुढं-मागं, पाणी आण," "पुढं-मागं, दार लाव," अशी हाक मारायचा. चाल ही हिसकावून घ्यायची गोष्ट आहे हे दोन्ही भावांच्या डोक्यात असं लहानपणीच खिळ्यासारखं ठोकलं गेलं. बाप गेला, खिळा राहिला.

मोठेपणी थोरल्यानं टायर दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटा दगडाच्या कारखान्यात घण मारायला लागला. एकाच्या हातात दिवसभर टायर काढायची लोखंडी पट्टी, दुसऱ्याच्या हातात घण, आणि दोघांच्या मधे सगळं मिळून तीन गल्ल्या. पानटपरीशी गाठ पडली तर टपरी पडायची. एकदा छापखान्यात समोरासमोर आले आणि शाईच्या डब्यात एकमेकांचं तोंड बुचकळून बाहेर पडले. त्या दिवशी कोण कुठला हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. छापखानेवाला ताईला म्हणाला, "बाई, यांतला एक दुसऱ्याला मारून टाकणार. फक्त कोण कुणाला ते ठरायचंय."

ताईलाही तेच वाटत होतं. म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. दर सुट्टीच्या दिवशी दोघांना घरी बोलवायचं, वाद्यं हातात द्यायची आणि हार्प मधे ठेवून आपण हार्पमागं बसायचं. हात वाद्यात गुंतले की मुठी वळत नाहीत. युक्ती एवढीच, पण त्या घरात ती बरीच वर्षं चालली. गाणं संपून पुढचं सुरू होईपर्यंतचा वेळ तेवढा धोक्याचा. तेवढ्या वेळात एक स्टूल, दोन कपबश्या आणि दाराची काच गेली. पण जीव कुणाचा गेला नाही.

ताईचं पोट चालायचं ते मात्र वेगळ्याच कामावर. ती सोप्या मांडण्या लिहायची. जुन्या, अवघड, नाकात बोलणाऱ्या चाली घ्यायच्या आणि लहान हार्पला, एका बासरीला, एका व्हायोलिनला झेपतील अशा करून कागदावर उतरवायच्या. गावोगावचे नवशिके ते कागद विकत घ्यायचे. या कामात दयामाया करून चालत नाही. ती तांबडी पेन्सिल घेऊन बसायची आणि सुरांची कत्तल करायची. पाच सुरांच्या घोळक्यातले तीन उडवायचे. बोटं ताणावी लागतील तिथं खालचा सूर कापायचा. हार्पच्या तारेचा सूर चढवायला वर पितळी खटके असतात, ते डाव्या हातानं फिरवावे लागतात. म्हणून खटका आला की तिथं डाव्या हाताचे सगळे सूर खलास करून हात रिकामा सोडायचा. छापखानेवाला कागद न्यायला आला की विचारायचा, "आज किती मुडदे?"

"मोजत नाही मी," ताई म्हणायची. "चाल जिवंत आहे ना, ते बघा."

तर अशाच एका सुट्टीच्या दिवशी तिनं नावाड्यांच्या एका जुन्या चालीची मांडणी तयार केली होती. आधी उत्तरार्धातली चाल तिनं थोरल्याच्या बासरीला दिली. मग मनात आलं, पूर्वार्धातही त्यालाच दिली आहे, धाकटा टेबल उलटं करील. म्हणून धाकट्याच्या कागदावर चाल लिहिली. आता थोरल्याच्या कागदावरची चाल खोडून तिथं साथ लिहायची होती, आणि नेमका तेव्हाच छापखानेवाला दारात सायकलची घंटी वाजवत उभा राहिला. ताई त्याच्याशी बोलायला गेली, बोलून परत आली, आणि दोन्ही कागद जसेच्या तसे दोघांच्या पुढ्यात ठेवले.

उत्तरार्ध आला. दोघांनीही चाल उचलली.

चार सूरसुद्धा झाले नसतील. दोघांनी वाद्यं खाली घेतली.

"चाल माझी आहे," धाकटा म्हणाला.

"माझ्या कागदावर आहे."

"तुझ्या कागदावर? तू कागद कधीपासून वाचायला लागलास? टायरवरचा नंबर तरी वाचता येतो का तुला?"

"ये की इकडं. बघ. का डोळे कारखान्यात दगडाखाली ठेवून आलास?"

"ताई, याला सांग."

ताई सांगणारच होती. तिनं हार्प मागं टेकवला, हात वर केला. पण थोरला तिच्याआधी बोलला. हळू आवाजात, हसत बोलला. "बाबा तुला पुढं-मागं म्हणायचे ते काही उगाच नाही."

धाकटा डावरा. घण डाव्या हातानं मारायचा, तशीच मूठही डाव्या हातानं मारली. थोरला खुर्चीसकट मागं गेला, डोकं भिंतीवर आपटलं, तोंडातून रक्ताची चूळ बाहेर आली आणि तिच्याबरोबर वरचे दोन पुढचे दात. ओठ नाकापर्यंत फाटला. तरी तो उठला. हातातली बासरी त्यानं धाकट्याच्या कानावर अशी हाणली की बासरीचे उभे दोन तुकडे झाले. मग दोघं जमिनीवर पडले. कोपरं, गुडघे, केस, जे हाताला येईल ते. ताई मधे पडली तर तिलाही एक कोपर बसलं. शेवटी तिनं तारा पिळायची बापाची चावी उचलली आणि दोघांच्या पेरांवर ठण्ण ठण्ण मारली, तेव्हा लहानपणची सवय म्हणून दोघांनी एकदम हात मागं घेतले.

थोरल्याचा ओठ शिवला. दात गेले ते गेलेच, आणि ओठ सुन्न झाला. बासरीला आता फुंकर धरली जाईना. धाकट्याच्या करंगळीच्या पेरावर थोरल्याच्या दाताची खोक पडली होती. त्यानं तीवर फडकं गुंडाळलं आणि हसत कामावर गेला. पुढं बोट वांग्यासारखं फुगलं. डॉक्टर म्हणाले, "माणसाचा दात कुत्र्याच्या दातापेक्षा वाईट. आधीच का नाही आलास?" आणि डाव्या हाताची करंगळी मुळापासून काढावी लागली. व्हायोलिनच्या तारांवर फिरणारा तो हात. एका ठोशात दोन वाजवणारे निकामी, बाप असता तर त्यालासुद्धा जमलं नसतं.

ताई आधी दवाखान्यात गेली. कागद बरोबर घेऊन गेली आणि धाकट्याच्या अंथरुणावर शेजारी शेजारी ठेवले. "चूक माझी आहे. तुझ्याही कागदावर चाल होती आणि त्याच्याही."

धाकट्यानं कागद बघितला. "म्हणजे चाल माझीच होती."

"आणि त्याचीही."

"त्याचे दोनच दात गेले म्हणे," धाकटा छताकडे बघत म्हणाला. "जबडा राहिलाय अजून."

मग ती टायरच्या दुकानात गेली. थोरला तोंडावर रुमाल धरून बोलत होता. त्यालाही तिनं कागद दाखवले. "म्हणजे चाल माझीच होती," तो म्हणाला. "एक बोट गेलं ना त्याचं? मनगट राहिलंय."

ताई घरी येऊन रिकाम्या खोलीत बसली. आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. चार हात मोकळे. एका हाताच्या आवाक्यात घण, दुसऱ्याच्या आवाक्यात पट्टी. दोन्ही भावांच्या हातात ताबडतोब काहीतरी कोंबायला हवं होतं, आणि जे कोंबायचं ते त्या मोडक्या हातांना, त्या फाटक्या ओठाला झेपायला हवं होतं. तिनं तांबडी पेन्सिल घेतली.

धाकटा घरी आल्याची बातमी लागली त्या दिवशी भर दुपारी थोरला तिच्या दारावरून चालला होता. काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. ताई उंबऱ्यात उभी राहिली.

"कुठं निघालास?"

"टायर काढायला."

"त्याच्याकडे गाडी कधी आली?"

थोरला पुढं जायला लागला. ताईनं आतून व्हायोलिन आणलं आणि त्याच्या छातीवर ढकललं. "हे धर."

"हे त्याचं आहे."

"त्याला आता करंगळी नाही. हे तू वाजवायचंस. ओठ लागत नाही, दात लागत नाहीत."

थोरला व्हायोलिनकडे बघत राहिला. त्याच्या सुजलेल्या तोंडावर हळूहळू एक अतिशय वाईट हसू आलं. "म्हणजे हे मी घेतलंय हे त्याला कळणार?"

"कळणार म्हणजे काय, तू त्याच्या समोर बसूनच वाजवणार आहेस."

पोतं दाराशी टेकवून थोरला आत आला.

धाकट्याचं काम आणखी सोपं झालं. "हार्पला करंगळी लागतच नाही," ताई त्याला म्हणाली. "अंगठा आणि तीन बोटं. अख्ख्या जगात हार्प वाजवणाऱ्याची करंगळी नुसती हवा खात असते. तुझी जरा लवकर निवृत्त झाली, एवढंच."

धाकट्यानं बँडेज बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "बाबांचा हार्प? माझ्या हातात?"

"तुझ्या."

"बाबांनी दादाला कधी या हार्पला हात लावू दिला होता?"

"कधीच नाही."

"मग कधी येऊ?"

आणि ताईनं बाजारातून स्वतःसाठी साधी बासरी आणली. अशा रीतीनं त्या घरात तीन नवशिके एका दिवसात तयार झाले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सोपं लिहिणारी बाई आता स्वतःच्या घरासाठी लिहायला बसली, आणि एवढं सोपं तिनं आजवर कुणासाठी लिहिलं नव्हतं. थोरल्याला फक्त मोकळ्या तारा, डाव्या हाताचं कामच नाही. धाकट्याला एका वेळी एक सूर, जिथं तिथं हात टेकवायला विश्रांती. दोघांनाही साथ. पुढं-मागं, पुढं-मागं. चाल तिनं कुणालाच दिली नाही. ती तिनं आपल्या बासरीला लिहिली, पाच सुरांत बसेल अशी, आणि याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

शिकवणी म्हणजे युद्धच. थोरल्याला व्हायोलिनचा गज कसा धरायचा हे ठाऊक नव्हतं आणि ते सांगू शकणारा माणूस जगात एकच, तो समोर बसलेला. पहिल्या दिवशी त्यानं विचारलंच नाही. दारात मांजर चेंगरल्यासारखा आवाज काढत राहिला. शेवटी धाकट्यालाच ऐकवेना. तो उठला, थोरल्याच्या मनगटावर फटकन चापट मारली. "घण धरतोयस का? सैल सोड."

थोरल्यानं गजानं त्याच्या पोटात ढोसलं. "असं?"

"हां. असं. पण पोटात नाही, तारेवर."

थोरला हार्पच्या खटक्यांवर नजर ठेवून असायचा. धाकटा खटका फिरवायला विसरला की तो गजाचं टोक त्याच्या कानात घालायचा. "खटका." धाकटा मागं न बघता लाथ झाडायचा, आणि खटका फिरवायचा. ताईच्या लक्षात आलं की दोघं एकमेकांना मारतायत खरे, पण मारून झालं की हात परत वाद्यावर येतोय. पोतं दारामागं तसंच उभं होतं. कोळ्यानं त्यावर जाळं धरलं.

एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. मधे बासरी एकटी वाजायची आणि दोघांना विश्रांती होती. विश्रांती संपली की दोघांनी एकदम आत यायचं. कधी थोरला आधी यायचा, कधी धाकटा. एकदम कधीच नाही. लहानपणापासून नाही. बापाची चावी त्यावर झिजली होती.

छापखानेवाल्यानं नवीन मांडण्यांच्या विक्रीसाठी कामगार संघाच्या सभागृहात एका संध्याकाळी कार्यक्रम ठेवला. घडीच्या लोखंडी खुर्च्या, समोर पन्नासेक माणसं. पहिल्याच रांगेत थोरल्याच्या शेजारचा बॅटरीवाला बसला होता. त्याला थोरल्याचं गिऱ्हाईक हवं होतं आणि गंमतही हवी होती. थोरल्याच्या मोकळ्या तारा सुरू झाल्या तसा तो खुदखुदू लागला. धाकट्याचा एकेक सूर टपटप पडायला लागला तेव्हा तो मोठ्यांदा शेजाऱ्याला म्हणाला, "बाळंतखोलीतलं गाणं आहे हे. पाळणा कुठाय?"

ताईनं चाल धरली. बासरी एकटी वाजू लागली. भावांना विश्रांती.

"बापाला ठाऊक होतं," बॅटरीवाला म्हणाला. "दोन्ही पोरं पुढं-मागंच निघणार."

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. ताईला ते दोन चेहरे बासरीच्या वरून दिसत होते आणि तिच्या तोंडात बासरी होती, ओरडणार कशी? थांबली असती तर सगळं सभागृहच उठलं असतं. थोरल्यानं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं, हळू, अंड्यासारखं. धाकट्यानं हार्प पायावर नीट उभा केला, डुगडुगत नाही ना हे बघितलं. आणि दोघं उतरले.

थोरल्यानं बॅटरीवाल्याला मागून काखेत धरलं. धाकट्यानं मारलं. पहिला ठोसा नाकावर, ते कच्च्या वाळकासारखं मोडलं. दुसरा बरगडीत. बॅटरीवाल्यानं पाय झाडले, एका लाथेनं धाकट्याची गुडघ्याची वाटी सरकली असती, पण त्याच वेळी खुर्ची मिटली आणि बॅटरीवाला कमरेपासून तिच्यात अडकला. मग खुर्चीसकट त्याला उचलून दोघांनी बाजूच्या दारानं बाहेर फेकलं. पायऱ्यांवरून लोखंड गडगडत गेल्याचा आवाज आला. दार लावून घेतलं.

ताईची चाल संपली होती. साथवाले अजून दारातच होते. तिनं श्वास घेतला आणि तीच चाल पुन्हा सुरू केली. ते धापा टाकत परत येत होते, थोरल्याची कॉलर फाटलेली, धाकट्याच्या उजव्या मुठीतून रक्त गळत होतं. चाल पुन्हा संपली. तिनं तिसऱ्यांदा धरली. धाकट्यानं हार्प खांद्याला घेतला, थोरल्यानं गज उचलला. ताईनं भुवया वर केल्या.

दोघं एकदम आत आले.

इतके एकदम, की ताईचाच पुढचा सूर हुकला.

मागच्या खोलीत ती धाकट्याची मूठ धूत होती. थोरला बाजूला उभा राहून फडकं धरून होता.

"धरलंस छान," धाकटा त्याला म्हणाला.

"मारलंस पण छान. उजव्यानं का मारलंस पण? डावरा ना तू?"

"डाव्यात आता चारच आहेत," धाकटा म्हणाला. "ती वाजवायला लागतात."

थोरल्यानं फडकं पिळलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "ताई, चाल कुणाकडे होती गं?"

"माझ्याकडे."

"आणि आम्ही?"

"पुढं-मागं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा आधी हसला, आणि हसताना दुखलं म्हणून थोरल्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. थोरल्यानं तो परत केला. पण पोतं पुढच्या आठवड्यात परत दुकानात गेलं, आणि त्यातल्या पट्टीनं नुसते टायरच निघाले.

ती मांडणी आजही मिळते. बासरीच्या कागदावर मधल्या भागाच्या डोक्यावर ताईच्या अक्षरात एक सूचना छापली आहे: साथवाले परत येईपर्यंत ही चाल पुन्हा पुन्हा वाजवावी. छापखानेवाल्यानं विचारलं होतं, "बाई, लोक विचारतील, साथवाले जातात कुठं?"

"ज्याच्या घरात भाऊ आहेत तो नाही विचारणार," ताई म्हणाली आणि पुढच्या चालीतले तीन सूर कापले.